किराणा आणि मुलांची पुस्तकं, पाकीट एकच: तुमचे आवडते बालपुस्तककार कोण, आणि सामानात बचत कशी करता?

पाणपोई

नमस्कार मंडळी. एक धागा, दोन प्रश्न. "दोन वेगळे धागे काढा" असं कृपया कोणी सुचवू नका, कारण आमच्या घरी हे दोन्ही खर्च एकाच पाकिटातून होतात.

मुलं दोन, धाकटा चारचा आणि मोठी सातची. महिन्याचं सामान भरून जे उरेल त्यातून पुस्तकं, असा शिरस्ता होता. हल्ली सामानच इतकं खातंय की उरते ती चिल्लर. चित्रांची चांगली पुस्तकं स्वस्त नसतात. जी स्वस्त मिळतात त्यातली निम्मी एकदा वाचली की पलंगाखाली जातात. म्हणून विचारते:

एक, मुलांसाठी लिहिणाऱ्या किंवा चित्रं काढणाऱ्यांपैकी तुमचं आवडतं कोण? ज्याचं पुस्तक वाचनालयातून न आणता विकतच घ्यावं असं वाटतं, असं. नुसतं नाव नको, का ते लिहा.

दोन, मुलांच्या ताटातलं कमी न करता सामानात कात्री कुठे लावता?

अमुक दुकानात तमुक भाव हे नको. आपण सगळे चार दिशांना विखुरलेले, एकाचा भाव दुसऱ्याच्या काही कामाचा नाही.

हिशेबनीस

दुसऱ्याचं उत्तर आधी. पाकिटावरची किंमत बघायचीच नाही, किलोमागचा भाव बघायचा. बऱ्याच ठिकाणी फळीवरच्या चिठ्ठीवर तो बारीक अक्षरात छापलेला असतो. नसेल तर फोनवर भागाकार करा. मोठं पाकीट म्हणजे स्वस्त ही समजूत कंपन्यांनाही ठाऊक आहे, त्यामुळे मधलं पाकीट कधी कधी मोठ्यापेक्षा स्वस्त पडतं. आणि वजन वाचा. एक किलोचं पाकीट त्याच आकाराचं राहून गुपचूप ९०० ग्रॅमचं होतं. किंमत तीच दिसते, प्रत्यक्षात ११ टक्के वाढलेली असते.

पहिल्याचं उत्तर: विकत घेऊच नका. वाचनालय. मूल सहा महिन्यांत पुढच्या पुस्तकावर जातं. विषय संपला.

चिमणचारा

विषय संपला म्हणे! हिशेबनीस, दोन वर्षांच्या मुलाच्या हातात वाचनालयाचं पुस्तक देऊन बघा एकदा. कोपरे चावून मऊ झालेलं पुस्तक परत करताना ग्रंथपाल बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे जे पाहिलं ते दंडापेक्षा महाग पडलं.

सुरवंट_फॅन

माझं उत्तर आयडीतच आहे. एरिक कार्ल.

'द व्हेरी हंग्री कॅटरपिलर' १९६९ चं, आठवडाभर खात सुटणाऱ्या आणि शेवटी घर विणून फुलपाखरू होणाऱ्या अळीची गोष्ट. कार्ल पातळ टिश्यू कागद आधी रंगवून ठेवायचे, ब्रशचे फराटे, ठिपके, खरवडल्याच्या रेघा असं सगळं करून, आणि मग त्यातून आकार कापून चिकटवायचे. म्हणून त्या अळीचा हिरवा एकसारखा नाही. जवळून बघितलं तर अंगावर ब्रशचे केस फिरल्यासारख्या रेषा दिसतात. मुलांना ते दिसतं, आपल्याला दाखवावं लागतं.

सोमवार ते शुक्रवारची पानं एकाहून एक रुंद होत जातात आणि प्रत्येक फळाला अळीने खाल्ल्याचं भोक. ही भोकं पाडून छापणं अमेरिकेत परवडेना, म्हणून पहिली आवृत्ती जपानमध्ये छापून घेतली होती. थोडक्यात, जो खर्च प्रकाशकाच्या जिवावर आला तोच मुलांना सगळ्यात आवडतो.

विकत का? कारण वाचनालयाच्या प्रतीत ती भोकं फाटून खिडक्या झालेल्या असतात. आमच्याकडे जाड पुठ्ठ्याची आवृत्ती आहे, दोन्ही मुलांच्या हातून पार पडून आता भाचीकडे गेलीय.

खडूस_आजोबा

पुस्तक छान, शास्त्र चुकीचं. फुलपाखराची अळी स्वतःभोवती घर विणून बसत नाही. ती शेवटची कात टाकते आणि आतलं कडक कवच उघडंच लटकतं. विणलेल्या घरातून येतात ते पतंग. नातीला सांगितलं तर ती म्हणाली, "आजोबा, तुम्ही फक्त वाचा."

तळटीप

आजोबा, सगळीच नाहीत हो. पार्नासियस नावाच्या डोंगराळ भागातल्या फुलपाखरांच्या अळ्या सैलसर का होईना पण धाग्यांचं आवरण करतात. नातीचा मुद्दा अर्थात जास्त बळकट आहे.

निवांत

त्या अळीचा शनिवार म्हणजे पगाराच्या दिवशी दुकानात शिरलेला मी. केक, आइस्क्रीम, चीज, सॉसेज, कलिंगड, आणि रात्री पोटदुखी. 😀

गणिताची_बाई

निवांत, हसू नका, आम्ही त्यावर गणितं घालतो. पाच दिवसांची फळं १ + २ + ३ + ४ + ५ म्हणजे १५, शनिवारचे दहा पदार्थ, रविवारचं एक पान. मोठ्या मुलांना म्हणायचं, अळीचं आठवड्याचं बिल करा. मग कळतं की एका शनिवारचं बिल बाकी सगळ्या दिवसांपेक्षा मोठं आहे. बहुतेक घरांतही असंच असतं. डाळ-तांदुळात पैसे जात नाहीत, 'सहज उचललं' त्यात जातात.

पाणपोई, तुमच्या सात वर्षांच्या लेकीला दुकानात काम द्या. दोन पाकिटांपैकी १०० ग्रॅममागे कुठलं स्वस्त ते तिने शोधायचं. हिशेबनीसांचा भागाकार तिच्याकडून करून घ्या. ती त्यात गुंतली की खाऊच्या रांगेकडे बघत नाही.

बोका

मुलांना दुकानात नेऊच नये या मताचा मी. त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर काय मांडलेलं असतं ते कधी गुडघ्यावर बसून बघा. मोठ्यांच्या नजरेसमोर महाग ब्रँड, छोट्यांच्या नजरेसमोर रंगीत डबे, आणि दुकानाचा स्वतःचा स्वस्त ब्रँड एकदम खाली, जिथे वाकावं लागतं. पाठ दुखली तर समजा बचत झाली.

चिमणचारा

बोका, नेऊ नका असं कसं म्हणता? मग मुलं शिकणार कधी? आणि या निमित्ताने माझी आवडती: पॅट हचिन्स. 'डोन्ट फर्गेट द बेकन!', १९७६. आई मुलाला सामान आणायला पाठवते, यादी तोंडी. सहा अंडी, चहासोबतचा केक, एक पौंड नाशपाती, आणि बेकन विसरू नकोस. पोरगं घोकत चालतं आणि वाटेत जे दिसेल तसे शब्द बदलत जातात. अंड्यांचे आधी जाडजूड पाय होतात, मग कपड्यांचे चिमटे. नाशपातीचा आधी जिना, मग खुर्च्यांचा ढीग. शेवटी सगळं आठवून बरोब्बर घेऊन येतो आणि बेकन विसरतो.

इंग्रजी यमकांवर उभं आहे, त्यामुळे तसंच्या तसं मराठीत सांगता येत नाही. आम्ही आमची यादी घेऊन तोच खेळ खेळतो. "अर्धा किलो साखर"चं "अर्धा किलो माकड" झालं की पुढचा अर्धा तास घरात कोणी सरळ बोलत नाही. यादी मात्र कागदावर नेते हं. तोंडी यादीने काय होतं ते पुस्तकातच आहे.

रानमोगरा

ज्युडिथ केर! अजून कोणी नाव कसं घेतलं नाही? 'द टायगर हू केम टू टी', १९६८. दारावर टकटक, वाघ आत येतो. टेबलावरचं सगळं, ओट्यावर शिजत असलेलं, फडताळातले डबे, फ्रिज, सगळं फस्त करतो आणि नळातलं सगळं पाणीसुद्धा पिऊन जातो. आई ओरडत नाही, मुलगी घाबरत नाही. बाबा येतात आणि म्हणतात चला, बाहेर जेवू. दुसऱ्या दिवशी मायलेकी सामान भरताना वाघाच्या खाऊचा मोठा डबा घेऊन ठेवतात, आणि वाघ परत कधीच येत नाही.

केर यांचं कुटुंब १९३३ मध्ये नाझींच्या भीतीने जर्मनी सोडून पळालं होतं, म्हणून काही जण त्या वाघात दारावर येणारे पोलीस बघतात. स्वतः केर मात्र म्हणायच्या की वाघ म्हणजे वाघ. मला त्यांचंच पटतं. चार वर्षांच्या मुलाला पण.

सामानाच्या बाबतीत: माझ्या घरचे वाघ शाळा सुटल्यावर येतात आणि तो एक तास महिन्याचं बजेट खातो. पूर्वी त्या वेळेसाठी खाऊचे पुडे आणायचे. आता दार उघडताच समोर दिसेल असं काहीतरी तयार ठेवते. उकडलेली अंडी, उकडलेले चणे, बटाटा, केळी. पोट भरलं की पुड्याची आठवण येत नाही. मी फक्त हा एक बदल केला आणि फरक बिलात दिसला. बाकीच्या युक्त्या मला जमलेल्या नाहीत.

हिशेबनीस

रानमोगरा, हे बाकी पटलं. पण मला एक सांगा, बत्तीस पानांच्या पुस्तकाला एवढे पैसे का? पानामागचा भाव काढला तर कादंबरी कितीतरी स्वस्त.

तळटीप

बत्तीसच का, त्याचं कारण छपाईत आहे. मोठा कागद छापून घड्या घातल्या की सोळा-सोळा पानांचे जुडगे होतात, दोन जुडगे म्हणजे बत्तीस. पान न पान चार रंगांत, कागद जाड, बांधणी रोज उघडझाप सोसणारी. शिवाय कादंबरीला एक लेखक, इथे बहुतेकदा चित्रकारही. पानामागचा भाव हे माप इथे चुकीचं आहे. वाचनामागचा भाव काढा. कादंबरी एकदा वाचता, आणि 'परत!' हा शब्द ऐकून जे पुस्तक झोपेतसुद्धा पाठ होतं त्याची किंमत भागून बघा.

आणि स्वस्त चित्रपुस्तकं हा प्रश्न आजचा नाही. बीट्रिक्स पॉटरला प्रकाशकांनी नकार दिले, तेव्हा तिने १९०१ मध्ये पीटर रॅबिट या सशाच्या गोष्टीच्या २५० प्रती स्वखर्चाने छापल्या. तिला पुस्तक छोटं हवं होतं, लहान हातात मावेल असं आणि खिशाला झेपेल असं. पुढच्याच वर्षी फ्रेडरिक वॉर्न कंपनीने ते काढलं.

आता पाणपोईच्या पाकिटाशी थेट नातं असलेली गोष्ट. १९४२ मध्ये अमेरिकेत 'लिटल गोल्डन बुक्स' निघाली, पहिल्या झटक्यात बारा पुस्तकं, प्रत्येकी २५ सेंट. तेव्हा मुलांची चांगली पुस्तकं दोन-तीन डॉलरला असायची आणि पुस्तकांच्या दुकानात पायरी चढून जावं लागायचं. ही औषधांच्या दुकानात आणि पुढे किराण्याच्या सुपरमार्केटात मिळू लागली. दूध-पाव घेता घेता आई पुस्तकही टोपलीत टाकायची. रिचर्ड स्कॅरी आणि गार्थ विल्यम्स यांच्यासारख्यांची चित्रं या स्वस्त पुस्तकांतून घरोघरी गेली. तेव्हा तुमचा धागा दोन विषयांचा नाहीच मुळी.

पाणपोई

तळटीप, हे माहीतच नव्हतं! "दोन विषय कशाला" म्हणणाऱ्यांसाठी ही लिंक जपून ठेवते.

वाचनामागचा भाव आवडला. पण ते आधी कळणार कसं? कुठलं पुस्तक 'परत!' होणार हे विकत घेण्यापूर्वी कसं ओळखायचं?

शेवटचं_पान

आधी वाचनालयातून आणायचं. मुदतवाढ मागितली तर शंका घ्यायची. दुसऱ्यांदा मागितली तर विकत घ्यायचं. हिशेबनीसांचं अर्धं बरोबर आहे.

माझं आवडतं नाव लिओ लिओनी. पन्नाशीच्या उंबरठ्यावर आगगाडीत नातवंडांना गप्प बसवायला 'लाइफ' मासिकाची पानं फाडून निळ्या-पिवळ्या गोळ्यांची गोष्ट रचली, त्यातून १९५९ चं पहिलं पुस्तक झालं. पण मी विकत घ्या म्हणेन ते 'फ्रेडरिक', १९६७. शेतातले उंदीर हिवाळ्यासाठी मका, दाणे, गहू, पेंढा साठवतायत. रात्रंदिवस काम. फ्रेडरिक बसून आहे. विचारलं तर म्हणतो, मी ऊन गोळा करतोय, मग रंग, मग शब्द. हिवाळ्यात साठा संपत येतो, गारठा वाढतो, तेव्हा बाकीचे विचारतात, तुझ्या साठ्याचं काय झालं? तो दगडावर चढून उन्हाबद्दल बोलतो, रंग सांगतो, कविता म्हणतो. उंदरांना ऊब वाटते.

खडूस_आजोबा

कामचुकार उंदीर. बाकीच्यांनी दाणे आणले, याने भाषण दिलं. आणि दाणे यानेही खाल्लेच असणार.

हिशेबनीस

आजोबांना अनुमोदन. इसापाच्या मुंगीने दार उघडलं नसतं.

शेवटचं_पान

म्हणूनच ते पुस्तक घ्यावं. इसाप ऐकून मोठ्या झालेल्यांना राग येतो. लिओनीला मुंगीची गोष्ट माहीत नव्हती का? माहीत होती आणि त्याने मुद्दाम उलट बाजू घेतली. आणि नीट बघा, उंदरांनी फ्रेडरिकला हाकललं नाही. त्याला टोमणाही फारसा मारत नाहीत, नुसतं विचारतात. दाणे संपल्यावर हे शब्द कामाला येतात, आधी नाही. दाणे नकोतच असं लिओनी कुठेच म्हणत नाही.

गणिताची_बाई

आमच्या वर्गात यावर मतदान घेतलं. फ्रेडरिकला दाणे द्यावेत की नाहीत? मुली-मुलगे अशी फाळणी झाली नाही. डबा वाटून खाणारी मुलं एका बाजूला आणि डब्यावर हात ठेवून खाणारी दुसऱ्या बाजूला, अशी झाली. एक मुलगा म्हणाला, त्याने गोळा करताना मधे मधे एक-दोन दाणे आणले असते तर कोणीच काही बोललं नसतं.

खडूस_आजोबा

तो मुलगा पुढे जाणार.

बोका

उंदीर-दाण्यांवरून आठवलं, मूळ विषयाकडे येऊ. कडधान्यं सुकी घ्या, डब्यातली शिजवलेली नको. सुक्या एक वाटीच्या शिजून दोन-अडीच वाट्या होतात. डब्यात तुम्ही पाण्याचे आणि पत्र्याचे पैसे देता. रात्री भिजवा, एकदम मोठ्या भांड्यात शिजवा, भाग करून फ्रीझरमध्ये टाका. घाईच्या दिवशी तो डबाच उघडल्यासारखं आहे.

ओवा

बोका, एक भर. राजमा असेल तर भिजवलेलं पाणी फेकून, नव्या पाण्यात किमान दहा मिनिटं खळखळून उकळायचाच. मंद आचेवर रात्रभर शिजवायच्या भांड्यात कच्चा टाकू नये. कच्च्या राजम्यात एक विषारी प्रथिन असतं, ते पुरेसं तापमान मिळालं नाही तर उलट्या-जुलाब होतात. इतर काही कडधान्यांतही ते थोडं असतं, लाल राजम्यात सगळ्यात जास्त. मुलांच्या ताटाचा विषय आहे म्हणून सांगितलं.

तारखांचंही बघा. 'बेस्ट बिफोर' म्हणजे त्यानंतर चव, कुरकुरीतपणा उतरेल, पण पदार्थ फेकायलाच हवा असं नाही. 'यूज बाय' मात्र सुरक्षिततेची तारीख, ती पाळायची. या दोन्ही एकच समजून लोक चांगलं पीठ, तांदूळ, बिस्किटं फेकतात.

हिशेबनीस

फेकण्यावरून. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं सुमारे ६० टक्के घरांतून. हॉटेलं आणि दुकानं मिळून जितकं फेकतात त्याहून घरं जास्त फेकतात. तेव्हा स्वस्त कुठे मिळतं हे शोधण्याआधी आपली कचऱ्याची बादली बघा. आमच्याकडे नियम: नवं सामान आलं की जुनं पुढे, नवं मागे. आणि नवी यादी फडताळासमोर उभं राहून लिहायची, सोफ्यावर बसून नाही.

निवांत

फडताळासमोर उभा राहिलो. मागच्या ओळीत तीन दालचिनीच्या पुड्या सापडल्या. कोण आणतं कळत नाही. बायको म्हणते मीच आणतो.

रानमोगरा

एकदम घाऊक भरू नका हे पण कोणीतरी लिहा. दहा किलो स्वस्त पडतं खरं, पण चार माणसांच्या घरात त्याला कीड लागेपर्यंत दोन किलो उरतं. जे दर आठवड्याला संपतं तेवढंच मोठ्या पोत्यात घ्यावं, नाहीतर शेजाऱ्यांबरोबर वाटून. आणि कांदे-बटाटे एका टोपलीत ठेवू नका, एकमेकांच्या संगतीने दोघंही लवकर बिघडतात. बटाटे अंधारात, हिरवे पडलेले मुलांना नकोत.

दूरदेशी

उशिरा आलो, पण पहिल्या प्रश्नाला एक वेगळं उत्तर देतो: शब्दच नसलेली पुस्तकं. डेव्हिड वीझनरचं 'ट्यूजडे', १९९१. मंगळवारच्या संध्याकाळी तळ्यातले बेडूक कमळाच्या पानांवर बसून गावावरून उडत जातात. एका घरात आजी टीव्हीसमोर डुलक्या काढतेय आणि एक बेडूक जिभेने रिमोट चालवतोय. शॉन टॅनचं 'द अरायव्हल' (२००६) मोठ्या मुलांसाठी. एक माणूस घर सोडून अनोळखी देशात जातो, तिथली लिपी, प्राणी, भाज्या काहीच त्याला कळत नाही, आणि आपल्यालाही कळत नाही, कारण सगळंच टॅनने कल्पनेतून काढलंय. बाजारातलं फळ कसं खायचं हेसुद्धा त्याला विचारावं लागतं.

आमच्या घरी बाहेरची भाषा वेगळी आणि आतली मराठी. शब्द नसलेलं पुस्तक कुठल्याही देशातून घ्या, ते मराठीतच वाचलं जातं. धाकट्याला बेडूक गावठी बोलतात असं वाटतं, कारण ते मी तसे बोलतो. मोठी सांगते तेव्हा तेच बेडूक टीव्हीवरच्या बातमीदारांसारखे बोलतात. एका किमतीत दोन पुस्तकं झाली की नाही?

मितसुमासा आनो यांची प्रवासाची पुस्तकंही अशीच. पानभर बारीक गर्दी, आणि घोड्यावरचा एक प्रवासी शोधायचा.

चिमणचारा

दूरदेशी, हे फारच आवडलं. चार वर्षांच्याला आणि सातच्या मुलीला एकच पुस्तक चालेल असं हेच.

सुरवंट_फॅन

वाचायला शिकणाऱ्या सातच्या मुलीला डॉ. स्यूस द्या की. 'ग्रीन एग्ज अँड हॅम' (१९६०) फक्त ५० वेगवेगळ्या शब्दांत लिहिलंय, प्रकाशक बेनेट सर्फशी लागलेल्या पैजेखातर. त्यातला एकच इंग्रजी शब्द उच्चारताना एकाहून जास्त तुकड्यांत म्हणावा लागतो, बाकी सगळे एका दमात.

खडूस_आजोबा

आणि ते पन्नास शब्द मी इतक्या वेळा वाचलेत की आता मला अंडंच नको. पाणपोई, एक कसोटी माझ्याकडूनही. विकत घ्यायचं पुस्तक मुलाला आवडायला हवं हे खरंच, पण वाचणाऱ्या मोठ्याला ते सहन व्हायला हवं. हात तुमचा, घसा तुमचा. म्हणून मी मॉरिस सेंडाकला मत देतो. 'व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर', १९६३. मॅक्सला दंगा केला म्हणून उपाशी झोपायला पाठवतात. चित्रं पानागणिक मोठी होत जातात, मधल्या राक्षसांच्या धिंगाण्यात तर शब्दच उरत नाहीत, तिथे घशाला विश्रांती. मग चित्रं परत लहान होतात. तो घरी येतो, जेवण वाट बघत असतं. शेवटच्या पानावर चित्र नाही, नुसते शब्द: ते अजून गरम होतं. वाचून मला कधी कंटाळा आलेला नाही.

निवांत

आजोबा चक्क कशाचं तरी कौतुक करतायत. तारीख लिहून ठेवा रे.

ओवा

पैसेच नसतील त्या महिन्यासाठी: 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर (प्रथम बुक्सचं, २०१५ पासून) मराठीसह असंख्य भाषांत चित्रगोष्टी फुकट वाचता येतात, उतरवून छापताही येतात, कारण त्या खुल्या परवान्याखाली आहेत. बीट्रिक्स पॉटरची पुस्तकं प्रोजेक्ट गुटेनबर्गवर चित्रांसकट आहेत, तिचं निधन १९४३ चं, त्यामुळे त्यांवरचे हक्क संपलेत. रात्री मात्र पडद्यावर नको, छापून घ्या.

बोका

आणि जुनी पुस्तकं. वाचनालयं स्वतःच्या जादा प्रती वर्षातून कधीतरी काढून टाकतात तेव्हा जा. घेताना मधली पानं मोजा, उघडायच्या झडपा शाबूत आहेत का बघा, आणि वास घ्या. बुरशीचा वास आला तर फुकट दिलं तरी घरी आणू नका, बाकीच्या पुस्तकांना लागते.

पाणपोई

सगळ्यांचे आभार. काल लेकीला भागाकार दिला. तिने दुधाच्या तीन पिशव्यांचा हिशेब केला आणि आता तिला प्रत्येक वस्तूचा १०० ग्रॅममागे भाव हवाय, टूथपेस्टचासुद्धा. दुकानात एक तास गेला, गणिताची बाई, हे बिल कोणाला पाठवू?

वाचनालयातून 'फ्रेडरिक' आणि 'ट्यूजडे' आणलीत. 'फ्रेडरिक'वर घरात दोन तट पडलेत: नवरा आजोबांच्या पक्षात, धाकटा उंदराच्या. मुदतवाढ अजून कोणी मागितलेली नाही, बेडकांचं मात्र रोज चाललंय. या महिन्यात तेच घेईन असं दिसतंय. पुड्यांऐवजी चणे सुरू केलेत. चण्यांना धाकट्याचा ठाम विरोध, केळ्याला पाठिंबा.

गणिताची_बाई

बिल शाळेच्या नावे फाडा. 😀 पुढच्या वेळी तिला फक्त पाच वस्तू द्या, बाकीच्या तुम्ही उचला.

हिशेबनीस

टूथपेस्टचा भाव काढणारी मुलगी! तिला माझ्याकडून एक पुस्तक. विकत.

चिमणचारा

हिशेबनीस पुस्तक विकत घेतायत!! स्क्रीनशॉट काढला.

पुडीवाला

छान धागा. माझी मुलगी दहाची आहे, चित्रांची पुस्तकं "लहान मुलांची" म्हणून हात लावत नाही आणि जाड पुस्तकं अर्धवट सोडते. मधलं काही?

दूरदेशी

'द अरायव्हल' तिच्यासमोर नुसतं उघडं टाकून ठेवा, वाच म्हणू नका. त्यानंतर टोव्ह यान्सनची मूमिन या काल्पनिक प्राण्यांची पुस्तकं बघा, प्रकरणं छोटी आणि चित्रं तिचीच. बाकी यावर वेगळा धागा काढा, इथे आता टूथपेस्ट चाललीय.